पाच नंबरचा खांब

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. दुपारचे दोन.
पत्र्याखाली बत्तीस माग,
कुणीच कुणाचं ऐकून न घेणारे.
गड्डमशेठ ओरडून म्हणाले, मॅडम,
लोखंड हाय ते, लोखंड कुठं वाकतंय?
सही करा, सरबत घ्या.

खबर दिली होती मल्लेशम वडनालनं.
तेवीस वर्षं त्याची डब्याची पिशवी
याच खांबाच्या खिळ्याला.
माग सुरू झाले की डबा खांबावर वाजायचा,
टक टक टक, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
संक्रांतीपासून वाजंना, तो म्हणाला.
डबा तोच. भाकरी, शेंगाचटणी तीच.

मी ओळंबा सोडला.
मधोमध बावीस मिलिमीटर.

चिरडायचाच तर या खांबाला
माळ्यावर आहेत त्याच्या पाचपट चादरी लागल्या असत्या.
पण सडपातळ खांब चिरडून मरत नाही,
मध्येच एका बाजूला सरतो.
त्याचं गणित वेगळं:
वर पायचा वर्ग, ई, आय;
खाली लांबी, तीही वर्गात.
लोखंड किती तगडं, हे तिथं विचारतच नाहीत.
विचारतात, किती उंच?
आणि मध्ये कुणी धरलंय का?

दहा फुटांवर रंग नसलेला एक चौकोन होता,
कडेला गॅसकटरचे दात.
इथं काय होतं?
आडवा अँगल होता की. चेनपुलीला नडायचा.
त्याच्यावर काय ठेवलेलं नव्हतं मॅडम, रिकामाच.
भंगारात दिला. एकोणतीस किलो.

मी वहीत लिहिलं:
लांबी दुप्पट, ताकद पाव.
मग तेच मोठ्यानं वाचलं, शेठकडे न बघता.
माग एकेक करून थांबले.
इतक्या शांततेत पंखाही परका वाटला.

गठ्ठे उतरवायला संध्याकाळ झाली.
खाली जॅक लावले, वेल्डर आला,
रिकामा अँगल पुन्हा रिकामाच बसवला.
खांब मागे आला, पंधरा मिलिमीटर.
सात आले नाहीत.
शेठ म्हणाले, तेवढं चालतंय की.
चालतं. मी आकडा लिहिला, पुढे ‘कायम’.

निघताना पाहिलं, मल्लेशम जुना खिळा उपटत होता.
खांबाला फेरी मारून पलीकडे गेला,
पोकळ बाजूच्या भिंगरीला तार बांधली,
पिशवी अडकवली, बोटानं ढकलली.
ती आपसूक खांबाला येऊन टेकली.
तेलुगूत काहीतरी बोलला,
पोरं हसली. मला कुणी अर्थ सांगितला नाही.

मग कुणीतरी बटण दाबलं.