देओलिंडा बुकिंग घेते
(ओर्ता बंदर, अझोर्स)

हो, बोला. बोट आमचीच.
पांढरी, धक्क्याच्या टोकाकडून तिसरी,
तिच्यावर नाव आहे ते माझं.
साडेसहाला या. सातला म्हणजे सातला दोर सुटतो,
हर्मिनियू कुणासाठी थांबत नाही,
एकदा पाद्र्यासाठीसुद्धा थांबला नव्हता.

नऊशे साठ युरो दिवसाचे, निम्मे आधी.
डिझेल त्यात, आमिष त्यात, दुपारचा पाव आणि तळलेली मासळी त्यात.
वाल्देमारची बक्षिशी त्यात नाही.
वाल्देमार म्हणजे गळ लावणारा पोरगा.
पोरगा म्हणते मी, एक्कावन्नचा आहे.
त्याला सूचना करू नका.

केळी आणू नका.
का ते मला विचारू नका, हर्मिनियूला तर नकोच.
एका जर्मन बाईंच्या पिशवीत दोन निघाली,
त्यानं अर्ध्या वाटेतून बोट वळवली,
केळी माझ्या हातात दिली आणि परत गेला.
केळी चांगली होती.

मासा लागेलच का?
सगळे हेच विचारतात, आणि आवाज खाली आणून विचारतात,
डॉक्टरला विचारावं तसं.
नाही सांगता येत.
चार-चार तास बोटीमागे आमिषं नाचत राहतात
आणि तुम्ही बघत राहता.
पहिल्या तासाला सगळे बोलतात.
दुसऱ्या तासाला ज्याला उलटी व्हायची त्याला होते,
कुठल्या बाजूला वाकायचं ते वाल्देमार दाखवेल, लाजू नका,
लाटेकडे नाही, क्षितिजाकडे बघा.
तिसऱ्या तासाला कुणाला तरी घरी नळ चालू राहिल्यासारखं वाटतं.
मग पुढे पाखरांचा थवा पाण्यावर कोसळताना दिसतो
आणि हर्मिनियू कानातला कापूस काढतो.

रीळ किंचाळलं की खुर्चीत बसायचं, पट्टा आवळायचा,
वाल्देमार शिव्या देईल, त्या तुम्हाला नसतात.
निळा मार्लिन. तुमच्या पलंगापेक्षा लांब.
तासभर ओढा, हातात गोळे येतील,
आणि बोटीशेजारी आला की
त्याची चोच धरून, पाठीत खुणेची चिठ्ठी टोचून,
श्वास येईपर्यंत पाण्यातच पुढे चालवतो त्याला.
मग सोडतो.

हो, सोडतो.
हो, एवढे पैसे देऊन हात हलवत परत यायचं.
मी धक्क्यावर असते, लांबून मला तेच दिसतं:
खरंच हात हलवत येतात माणसं,
सोडून आलेली, दोन्ही हातांनी.
ज्यांना काही लागलं नाही
त्यांचे हात खिशात असतात.

वारा बिघडला, समोरच्या पिकू डोंगरानं टोपी घातली
आणि हर्मिनियू मागे फिरला, तर पैसे परत.
मासा नाही लागला, तर नाहीत.
हा फरक लिहून घ्या.
पोर्तूचा एक गृहस्थ भांडत होता, पैसे पाण्यात गेले म्हणून.
म्हटलं, साहेब, मग दुसरीकडे कुठे जायचे होते?

मला? मला कसं वाटलं?
मी गेलेच नाही कधी.
बावीस वर्षं हा फोन उचलते.
एकदा कॉफी द्यायला चढले होते, बोट बांधलेली होती,
तरी पोटात कालवलं. घोटभर कॉफी आणि मी, दोघी परत.
हे सगळं सांगते ते
उतरणाऱ्यांच्या तोंडावरून वाचलेलं.
गेल्या सप्टेंबरात एक शाळामास्तर उतरले, एकटेच आले होते,
दोर बांधायच्या खुंटावर तासभर बसून राहिले,
उजवा तळवा उघडा, गुडघ्यावर.
विचारलं, दुखतंय का?
नाही म्हणाले. गरम होता तो.
मासा गरम असतो हे हर्मिनियूनं मला
लग्नाला तीस वर्षं झाली, कधी सांगितलं नव्हतं.

असो. बूट पांढऱ्या तळव्याचे आणा,
काळ्याचे डाग डेकवरून निघत नाहीत.
नाव सांगा. सावकाश, एकेक अक्षर.
आणि जमलं तर सहालाच या,
कॉफी असते.