चेहरा दिसत नाही

घणसोलीत, पिठाच्या गिरणीवर
आमची मंडळी भरते. हॉल भाड्याचा,
अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट,
चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड,
आणि पूर्वेची भिंत, ओलीनं पोपडे धरलेली.
पाळकसाहेब म्हणाले, शांतवन, तू पेंटर ना,
हिचं काहीतरी कर.

तीस वर्षं तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर
मी फाळक्यांवर कमळं काढली, मोर काढले,
बुऱ्या नजरवाल्यांची तोंडं काळी केली,
ज्याच्या त्याच्या देवाचं नाव
ज्याच्या त्याच्या काचेवर
सोनेरी, लाल सावली देऊन.
एकदाच कुणी 'यहोवा यिरे' लिहून मागितलं,
त्याचे पैसे घेतले नाहीत.
घरी बायको म्हणाली, यहोवा पुरवतो ते खरं,
पण आज भाजीचं काय?
मग फ्लेक्स आलं आणि तेवढंही विचारायची सोय राहिली नाही.

सभा बसली. अमोलिक गुरुजी उठले:
भिंतीवर आकृती नको. दुसरी आज्ञा वाचा.
एस्तेरबाईंना मेंढपाळ हवा होता,
कॅलेंडरावरचा, निळ्या डोळ्यांचा, कडेवर कोकरू.
मी म्हटलं, पाय धुतले ती रात्र काढतो.
का म्हटलं, ठाऊक नाही.
रविवारी सगळे लांबलचक प्रार्थना करतात
तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटते.
हात तेवढा चालतो.

पाय शोधायला मसाला मार्केटात गेलो.
दुपारचे माथाडी गाळ्याबाहेर आडवे.
टाचांच्या भेगांत हळद,
नखांच्या कडेला मिरची.
हणमंत शेडगे म्हणाला, पाय काय काढतोस पेंटर,
तोंड काढ की, गावाला पाठवतो.
म्हटलं, या चित्रात देव हे पाय धुणार आहे.
त्यानं चटकन ते पोत्याखाली ओढून घेतले.
अस्संच, म्हटलं, हलू नको.
पेत्रानंही हेच केलं होतं.

चेहऱ्यावर अडलो.
चार वेळा खडूनं काढला, चार वेळा फडक्यानं पुसला.
एकदा सिनेमातला हिरो आला,
एकदा एस्तेरबाईंचं कॅलेंडर,
एकदा तर माझाच मेलेला भाऊ, दाढी लावून.
पाचव्यांदा मी त्याला आणखी खाली वाकवलं.
आता मान दिसते, पाठीचे मणके,
कंबरेला रुमाल,
कोपरावरून ओघळणारा एक थेंब,
त्याला मी दोन दिवस दिले.

खाली ज्वारी पडली की जमीन थरथरते,
ब्रशही थरथरतो.
आणि पीठ. खिडकीतून वर येतं,
ओल्या रंगावर बसतं.
भांडायला खाली उतरलो.
गिरणीवाला पट्टा सारखा करत म्हणाला,
पीठच ते. त्याला कुठं जाऊ नको म्हणून सांगू?
वर आलो तर
हळदीच्या टाचांवर, परातीतल्या पाण्यावर,
वाकलेल्या त्या मानेवर
पांढरी बारीक साय धरलेली.
नखानं खरवडायला गेलो.
थोडं निघालं. मग हात थांबला.
तसंच राहू दिलं, वरून वार्निश मारलं.

शिडी उतरवली त्या संध्याकाळी
अमोलिक गुरुजी एकटेच आले.
चष्मा पुसला. भिंतीला नाक लागेल इतके जवळ गेले.
चेहरा कुठंय?
खाली आहे, म्हटलं.
ते वाकले. दिसेना.
आणखी वाकले, मान तिरकी करून,
जणू रंगाच्या आतून खालून बघता येईल.
मग एक हात भिंतीला, एक गुडघा फरशीवर,
मग दुसरा.

बराच वेळ गिरणी बंद होती.
वेताळपाड्याकडून कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

दिसला का, गुरुजी?

गुडघा धरलाय, म्हणाले,
जरा हात दे.