एक काना, एक अनुस्वार

आई गेल्यावर ट्रंकेत, मिरचीच्या पट्ट्यांखाली,
एक कुंडली निघाली. अक्षरं गुजराती.
संकेश्वरच्या बाजारात रमणीकभाईंनी
कापड फाडता फाडता थांबून चष्मा पुसला :
जन्म बेळगाव कॅम्प. रोज आवां, माह तीर.
पारसी जोशाचा हात आहे, म्हणाले.
यांच्यात महिन्याचे तीसही दिवस नावानिशी.
दिवस नुसता उजाडत नाही,
कुणाचा तरी असतो.
आवां म्हणजे पाणी.
दिवसाचंच नाव ठेवलंय पोरीला.

माझ्या आईची आई.
आम्ही तिला अव्वा म्हणायचो,
अख्खी गल्ली म्हणायची.
शेजार सगळा कानडी, कोण कशाला विचारतंय?
चूल तिनं कधी फुंकली नाही,
सुपानं वारा घालायची.
दमा आहे, म्हणायची.
धाप लागलेली मी तरी पाहिली नाही.

वारसाच्या अर्जात तंदेय हेसरु,
बापाचं नाव, त्याच्या बापाचं.
तिच्यासाठी रकाना नाही.

आणि तीर?
एक तारा, रमणीकभाई म्हणाले. किंवा बुध.
त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं.
तारा असेल तर आमचा व्याधच तो.
आमच्या आभाळात त्याचा तीर
कधीचा सुटून हरणात रुतलाय.

मिरची वाळत घालायचे दिवस.
व्याध वर आला तशी
हिरण्यकेशीत पाय सोडून बसले.
अव्वा, म्हटलं.
मग काना लावून,
अनुस्वार नाकात घोळवत,
पुन्हा एकदा.