पूर्णविराम

उद्यमनगर. मोटार वाइंडिंगचं दुकान.
फोन ड्रॉवरमध्ये ठेवतो,
वॉर्निशचे हात नकोत त्याला.
कीबोर्ड काय, आधीच काळा.

मी इथं बडवतो,
तो तिथं नट-बोल्टांत पडून
माझ्याच नंबरनं बोलतो:
चौगुले, मोटार झाली. घेऊन जावा.
मगदूम, तांब्याचा दर वाढलाय. विचारून करतो.

सातला शैलजाला:
उशीर होईल. जेवून घे.

ड्रॉवर थरथरला. वायसर वाजले.
पडद्यावर तिचं उत्तर:
कॉम्प्युटरवरनं लिहिलंस न्हवं?
फोनवर तू टिंब देत नाहीस कधी
भांडल्यागत वाटतंय बघ

चिंधीला हात पुसले, रॉकेल लावून परत पुसले.
ड्रॉवर उघडला.
अंगठ्यानं, चुकत-माकत:

आलोच थांब जेवयला