वहीत मांडलेला हिशेब

स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले.
खर्च शून्य. कमरेत उसण भरली ती वेगळी.
भिंतीला चिकटून होते तेव्हा डग्गा
शेजारच्या खोलीत पोतं पडल्यासारखा वाजायचा.
आता तळहात घासत वर चढतो,
ते घासणंही कळतं.

पुष्पलता म्हणाली, "झाडू कसा मारू मी इथून?"
मी फरशीवर खडूने चार खुणा केल्या.
झाडून झालं की स्पीकर खुणेवर परत.
चार दिवस तिनं पाळलं.
पाचव्या दिवशी फरशी पुसली.

हॉल आमचा दहा बाय चौदा,
मानेवाडा रिंग रोड, तिसरा माळा.
टाळी वाजवली की छतापाशी
डब्यात वाटाणे हलल्यासारखं काही थरथरतं.
ते कुठून येतं हे शोधत
मी घरभर टाळ्या वाजवत फिरलो,
कोपऱ्यात, दारामागे, पंख्याखाली.
खालच्या धोटेबाई वर आल्या,
आज कशाची आरती म्हणून.

मोमीनपुऱ्यात इस्माईलभाईंची धनुकली आता खुंटीला,
काम सगळं मशीनवर.
जुन्या गादीचा चार किलो कापूस पिंजून घेतला,
एकशे साठ रुपये.
"गादी सिंगल का डबल?"
म्हटलं, गादी नाही, भिंतीला लावायचाय.
त्यांनी मशीन थांबवलं, माझ्याकडे नीट पाहिलं.
"दिवार को भी नींद होना न, साब."
दहा रुपये कमी घेतले.

कळमन्यातून संत्र्याच्या दोन रिकाम्या पेट्या.
कन्हानची रेती भरली, फटींतून रात्रभर गळाली,
मग आत खताचं पोतं घातलं.
वर रबरी चेंडू चिरून अर्धे अर्धे,
त्यावर स्पीकर.
वायरींची टोकं हिरवी पडली होती,
स्पिरिटच्या बोळ्याने पुसली.
बोळा काळा झाला. वीस वर्षं हे मधे बसलं होतं
माझ्या आणि त्या सारंगीच्या.

उरला कूलर.
छेचाळीस डिग्रीत कूलरबद्दल बोलू नये.
तरी एका दुपारी बंद केला, फक्त आलापापुरता.
पुष्पलता काही बोलली नाही.
उठली, बटण दाबलं, येऊन बसली.
मग सायकलच्या फुटक्या ट्यूबचे तुकडे
त्याच्या चार पायांखाली सारले.
थडथड निम्मी झाली,
आणि तंबोऱ्याची ती एक तार,
जी मी इतकी वर्षं धरून चाललो होतो,
खरोखर ऐकू आली.

त्याच आठवड्यात आर्वी आली, भावाची नात,
वय अकरा, नागभीडहून, सुट्टीला.
तिला मधल्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, सांग.
पाय हलवत ऐकत राहिली.
"आजोबा, मागं शिट्टी वाजून राहिली ना."
"कुठं?"
"काय बाप्पा, एवढी तर मोठी!"
मी उजवा कान दिला, डावा दिला.
पुष्पलताकडे पाहिलं. ती पदराचा काठ बघत होती.
आम्हा दोघांच्या मिळून एकशे चोवीस वर्षांत
ती शिट्टी कुठंच नव्हती.

एकेक वायर हलवत गेलो.
आता? आहे.
आता? आहे.
इन्व्हर्टरपासून दूर घेतली. आता?
"आहे ना हो."
शेवटी मोबाइलचा चार्जर उपटला.
आर्वीचे पाय थांबले.
"गेली."

माझ्यासाठी काहीच गेलं नव्हतं.
तोच राग, त्याच जागी.
तरी वहीत लिहिलं:
शिट्टी गेली. खर्च शून्य. साक्षीदार आर्वी.

ती परत गेली त्याला आता दीड महिना झाला.
मोबाइल आम्ही स्वयंपाकघरात चार्ज करतो.