हिरवी वायर

सारंगखेड्याच्या यात्रेत
जनरेटरपासून आकाशपाळण्यापर्यंत साठ मीटर केबल,
आणि मधोमध, धुळीत, निंबा मिस्त्रीचा प्लग असायचा.
काळा, रबरी, एका बाजूला घोड्याच्या नालेची खूण.

यंदा मालकाने धुळ्याहून डझनाने नवे आणले,
निळे, चकचकीत, हाताला हलके.
तिसऱ्या रात्री एकाचं तोंड वितळलं.
पाळणा थांबला. सगळ्यात वरच्या डब्यात
शहाद्याचं जोडपं भांडत होतं, ते गप्प झालं.

मी पकडीने पिना उपसल्या.
पितळ नव्हतंच, वरून नुसता पिवळा रंग.
पेटीच्या तळातून जुना प्लग काढला, फुंकर मारली,
खटकन बसला.
पाळणा फिरला, भांडण पुन्हा ऐकू आलं.

पहाटे घोडेवाल्यांचा चहा उकळत होता,
तेव्हा मी तो उघडला, पहिल्यांदाच.
आत वायरीला एक सैल वळसा,
ओढ आली तर तिथे यावी, स्क्रूवर नाही.
लाल, काळी आखूड, नेमकी.
हिरवी मात्र बोटभर लांब.

'हिरवीले लांब ठेव रे,' म्हातारा म्हणायचा,
'समदं तुटनं तरी ती शेवटले तुटाले जोयजे.'
मला वाटायचं, उगाच वायर वाया घालवतो.

मग एकेक करून उरलेले अकरा निळे उघडले.
तिन्ही वायरी सारख्याच मापाच्या,
व्यवस्थित, टोकाला टोक लावून कापलेल्या.

कापणारा हात माझाच.