कच्चा सांधा

डेव्ही रेंडलने साखळी आणून टाकली दारात,
कोळशाच्या पोत्यात भरून. पोतं अर्धं फाटलेलं.
बोट विकली, म्हणाला. हिची सुरी करून दे, मेरन.
का विकली, कुणाला, मी विचारलं नाही.
स्ट्रॉमनेसमध्ये असलं विचारायचं नसतं;
वारा पडला की माणसं आपणहून सांगतात.

आधी शिंपल्यांची खपली ठोकून काढली, मग गंज.
तो पापुद्र्यांनी सुटला,
आणि खाली लाकडासारख्या रेषा.
जुनं घडीव लोखंड, पोटात मळीचे धागे असलेलं.
असलं लोखंड धार धरत नाही, कितीही समजूत घाला.
म्हणून आजोबांच्या तीन झिजलेल्या कानशी घेतल्या,
थरांच्या मधे घालायला.

कड्या तापवून उघडत गेले, सपाट करत गेले.
प्रत्येकीच्या एका खांद्यावर जराशी जाड गाठ:
वाकवलेली सळई
कुणीतरी तिथे स्वतःलाच जोडून दिलेली.
कुणीतरी म्हणजे तू.
तुझं नाव कुठेच नाही. क्रॅडली हीथला
बायका परसातल्या भट्टीवर बारीक साखळ्या घडवायच्या,
मजुरी वजनावर, पोर भात्यामागे खोक्यात,
एवढंच मला ठाऊक. तू तिथली नसशीलही.
मला आपलं तसं धरून चालायचंय.

सोळा कड्या निमूट उघडल्या.
सतरावीला हातोडा लागला आणि आवाज बदलला,
फुटक्या मडक्याचा.
गाठ सुटून आली हातात.
आत दोन काळी तोंडं, एकमेकांना नुसती टेकलेली,
कडेला नखाएवढी चमक.
तेवढ्या नखावर बोट धरून ठेवली होती हिने
हॉय साउंडच्या सगळ्या हिवाळ्यांत.

काय झालं होतं त्या घटकेला?
कोळसा संपत आला होता? पोर उठलं?
की शनिवार होता आणि वजन भरत नव्हतं?
बोल लावत नाहीये, बाई.
मी स्वतः कर्कवॉलच्या एका डॉक्टरला
अशीच सुरी विकलीय,
भेग पॉलिशखाली दडवून. त्याला अजून पत्ता नाही.

सतरावीही घातली गठ्ठ्यात.
कानशीने दोन्ही तोंडं उजळ करून, समोरासमोर.
तारेने आवळलं, भट्टीत सरकवलं,
लालावर टाकणखार भुरभुरला.
तो फुगला, विरघळला, काचेसारखा ओघळला कडांवरून.
इथे थांबायचं असतं. हात शिवशिवतात, तरी थांबायचं.
नारिंगी. हळद. मग लोणी.
मग वरची कातडी ओली होऊन थरथरते
आणि बाहेर कुत्रं भुंकलं तरी मान वळवायची नसते.

पहिले घाव हलके, बाळाला थोपटल्यासारखे.
मग जड.
आवाज भरीव झाला तेव्हा कळलं
मी श्वास कधीपासून धरून ठेवला होता.

पाच वेळा दुमडलं. घासलं. तेलात पाणी दिलं.
ॲसिडमधून निघाली तेव्हा
कानशी काळ्या पडलेल्या, साखळी करडी उजळ,
रेषा वळत, अडखळत, एके ठिकाणी गाठ मारून पुढे.

डेव्हीने खिडकीशी धरून पाहिली. उलटी केली.
यात साखळी कुठाय?
मी म्हटलं, सगळी हीच.
तो बराच वेळ बघत राहिला.
जेसी-ॲनच्या पोटऱ्यांवरच्या शिरा अशाच, म्हणाला.
सव्वीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात उभी होती ती.
मग बोटीचं सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.
पैसे मोजून दिले, वर दोन खेकडे,
आणि सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून
बटाटे सोलायला घेऊन गेला.

गाठ होती तिथे आता काही दिसत नाही.
मी भिंग लावून पाहिलं होतं, दोनदा.

भट्टी निवतेय.
डॉक्टरचा नंबर कुठल्यातरी वहीत आहे.
शोधतेय.